मॅप पुन्हा पुन्हा चुकवतोय? ॲप काढून टाकण्याआधी हे बघा

तक्रारीचा नमुना ठरलेला असतो. "पहिलं ॲप गल्लीत घुसवायचं म्हणून काढलं, दुसरं टाकलं, चार दिवस बरं चाललं, आता तेही तसंच करतंय. तिसरं चांगलं कुठलं ते सांगा." नाशिकच्या ठक्कर बाजारजवळ उभे असणारे टुरिस्ट गाड्यांचे चालक, पार्सल पोचवणारी पोरं, मुंबईहून रामकुंडावर येणारे पाहुणे, सगळ्यांचा सूर हाच. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो: तिसरं ॲप टाकू नका, आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा.

नकाशाचं कुठलंही ॲप तुमची जागा स्वतः शोधत नाही. ते काम फोनची सिस्टीम करते आणि जे ॲप मागेल त्याला तोच आकडा देते. त्यामुळे जागाच चुकत असेल तर ॲप बदलून काही होत नाही, सगळी ॲप सारखीच चुकणार. नकाशाची माहिती मात्र प्रत्येकाची वेगळी असते, तिथे ॲप बदलण्याचा उपयोग होतो. आणि तिसरी बाजू म्हणजे तुम्ही टाकलेलं ठिकाण. तेच चुकलं असेल तर ॲप बिचारं इमानदारीने भलत्या गावाला नेऊन सोडतं.

म्हणून पुढच्या वेळी मॅप चुकला की शिव्या घालण्याआधी एक स्क्रीनशॉट घ्या आणि घरी आल्यावर तीन प्रश्न विचारा. निळा टिपका आपण होतो तिथेच होता का? टिपका बरोबर होता, पण रस्ता चुकीचा दाखवला का? की रस्ता बरोबर होता, पण पोचलो भलतीकडेच?

टिपकाच दुसरीकडे दिसतो

आधी मोकळ्यावर तपासा. गोल्फ क्लबचं मैदान, गोदापार्क, कुठलंही मोठं पटांगण चालेल. मॅप उघडा, मिनिटभर उभे राहा आणि टिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ बघा. ते वर्तुळ म्हणजे फोनची कबुली असते: "मी या घेऱ्यात कुठेतरी आहे." मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास राहते. मैदानातही वर्तुळ मोठंच राहत असेल तर दोष फोनचा किंवा सेटिंगचा. मैदानात ठीक आणि मेन रोडवर वेडंवाकडं असेल तर दोष परिसराचा.

सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे लोकेशनची परवानगी. अँड्रॉइड १२ पासून (आयफोनवर त्याआधी, आयओएस १४ पासून) फोन विचारतो की या ॲपला अचूक लोकेशन द्यायचं की अंदाजे. घाईत आपण काहीतरी दाबतो. अँड्रॉइडवर 'अंदाजे' म्हणजे जवळपास तीन चौरस किलोमीटरचा भाग. एवढ्यात कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मधल्या सगळ्या कॉलन्या आरामात बसतात. अशा परवानगीवर वळणं सांगायला लावायची म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून गाडी चालवायची. "नवीन ॲप टाकलं आणि जास्तच बिघडलं" असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथेच अडलेलं असतं: जुन्या ॲपला अचूक परवानगी होती, नव्याला दिलेलीच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जा, परवानग्या उघडा, लोकेशनमध्ये 'अचूक लोकेशन वापरा' चालू करा.

त्यानंतर लोकेशनच्या सेटिंगमध्येच 'लोकेशन अचूकता' नावाचा पर्याय असतो, तोही चालू ठेवा. मग फोन उपग्रहांच्या जोडीला आसपासचे वायफाय आणि मोबाइल टॉवर वापरतो. जुन्या नाशकात हे फार कामाला येतं, कारण तिथे उपग्रहांचा नाइलाज असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फारच क्षीण झालेला असतो. फोन त्या संदेशाला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो, आणि जागा नक्की करायला किमान चार उपग्रह लागतात. सराफ बाजारात किंवा भद्रकालीच्या एखाद्या बोळात उभे राहून वर बघा: दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधून आकाशाची एक चिंचोळी पट्टी दिसते. फोनलाही तेवढंच दिसतं. बाकीचे संदेश भिंतींवर आपटून, वळसा घालून येतात. वळसा म्हणजे जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे फोनच्या हिशेबात जास्त अंतर. प्रकाशाचा वेग असा की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी तीनशे मीटरचा फरक पडतो. मग दहीपुलावर उभे असताना टिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, यात नवल नाही. इथे कुठलंही ॲप चमत्कार करणार नाही. अशा भागात टिपक्यापेक्षा पाट्या आणि दुकानदारांवर विश्वास ठेवलेला बरा.

नवीन फोन घेताना मात्र एक गोष्ट बघा. काही फोन एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सींवर संदेश पकडतात, त्यांना एल१ आणि एल५ म्हणतात. एल५ वर भिंतीवरून परतलेला आणि थेट आलेला संदेश वेगळा ओळखणं सोपं जातं, त्यामुळे दाट वस्तीत असे फोन कमी भरकटतात. २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ या फोनपासून ही सोय सर्वसामान्य फोनमध्ये आली. डब्यावर 'नाविक' लिहिलेलं असलं की दुकानदार त्याचाच गजर करतो. नाविक म्हणजे इस्रोची जीपीएससारखी उपग्रह यंत्रणा, ती चांगली गोष्ट आहे, पण निव्वळ तेवढ्यावरून फोन निवडू नका, दोन फ्रिक्वेन्सी आहेत का ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल (बहुतेक नसतंच) तर जीपीएसटेस्ट नावाचं मोफत ॲप टाकून बघता येतं. किती उपग्रह दिसतात, कुठल्या देशाचे, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, सगळं त्यात कळतं.

याच ॲपने आणखी एक निदान होतं. फोनची मागची काच किंवा बॉडी बदलून घेतल्यावर जीपीएस बिघडलं असेल तर मोकळ्या मैदानातही उपग्रहांच्या सिग्नलचे आकडे अगदी खाली राहतात. जोडणी करताना अँटेनाचा संपर्क नीट बसला नाही की असं होतं. याला सेटिंगमध्ये उपाय नाही, दुरुस्तीवाल्याकडे परत जाऊन फोन उघडायला लावा.

टिपका बरोबर जागी, पण तोंड उलट दिशेला, ही वेगळीच भानगड आहे. तो दोष जीपीएसचा नसून होकायंत्राचा. गाडीतल्या चुंबकाच्या होल्डरमुळे हे हमखास होतं, कव्हरमध्ये चुंबकाची पट्टी असेल तरी होतं. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की बहुतेक वेळा सुधारतं. आणि गाडी चालू लागली की ॲप दिशा होकायंत्रावरून घेत नाही, तुम्ही कुठून कुठे सरकलात त्यावरून घेतं. म्हणून सुरुवातीलाच "उजवीकडे जा" ऐकून यू-टर्न मारण्याआधी वीस-तीस मीटर पुढे जाऊन बघा.

काही किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर वाटेत टिपका गोठतो. काही कंपन्यांचे फोन स्क्रीन बंद होताच मागे चाललेली ॲप मारून टाकतात, त्यामुळे बॅटरीच्या सेटिंगमध्ये नकाशाच्या ॲपला मोकळीक द्या. गाडीच्या काचेला धातूचा थर असलेली फिल्म लावली असेल तर सिग्नल अडतो, फोन पुढच्या काचेजवळ लावून बघा. पण मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर थेट ऊन लागेल असा नको. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, आणि लोक म्हणतात मॅप बंद पडला.

वर की खाली: द्वारका आणि उड्डाणपूल

बाहेरगावच्या चालकांची नाशिकबद्दलची तक्रार विचारली तर बहुतेक ही पहिली येते. मुंबईकडून येताना पुढे पंचवटीपलीकडे के. के. वाघ कॉलेजपर्यंत जवळपास सहा किलोमीटरचा उड्डाणपूल आहे. त्याच्या बरोबर खाली जुना महामार्ग, शेजारी सर्व्हिस रोड. नकाशावर तिन्ही जवळजवळ एकावर एक येतात. जीपीएसची उंचीची मोजणी आडव्या मोजणीपेक्षा कच्ची असते, त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे त्यावरून ठरत नाही. ॲप अंदाज बांधतं: कुठून वर चढलात, वेग किती आहे, टिपका कुठल्या रेषेला जास्त चिकटून आहे. चढावाच्या तोंडाशी टिपका दोन-चार मीटर इकडेतिकडे झाला की अंदाज उलटा पडतो. मग खाली सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला ॲप सांगतं "सरळ जात राहा", आणि पुलावरून जाणाऱ्याला सांगतं "पुढच्या चौकात उजवीकडे वळा". उजवीकडे कठडा असतो.

गूगल मॅप्सने २०२४ मध्ये भारतातल्या चाळीस शहरांसाठी पूल चढायचा की नाही हे आधीच सांगण्याची सोय आणली. मॅपल्स या भारतीय ॲपवर मोठ्या चौकांचं आणि फाट्यांचं चित्र दिसतं, त्यात कुठल्या लेनने जायचं ते कळतं. या दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्या नकाशात भरलेल्या माहितीवर चालतात. तुमचा टिपका चुकीच्या रेषेला चिकटला असेल तर त्याही चुकतात.

यावर हमखास चालणारा उपाय साधा आहे. निघण्याआधी पूर्ण मार्ग एकदा बोटाने मोठा करून बघा. ओझर, पिंपळगाव, धुळ्याकडे पुढे जायचं असेल तर पूल. सीबीएस, शालिमार, द्वारका, नाशिकरोड असं शहरात उतरायचं असेल तर खालचा रस्ता. एवढं डोक्यात असलं की चढावाशी ॲप काय म्हणतं याकडे लक्ष द्यायची गरज उरत नाही. ॲपलाही बांधून घ्यायचं असेल तर मध्ये एक थांबा टाका, उदाहरणार्थ मुंबई नाका किंवा द्वारका सर्कल. थांबा खालच्या रस्त्यावर असला की मार्ग खालूनच आखला जातो. आणि चुकून वर गेलातच तर पुढचा उतार येईपर्यंत जा, तिथून वळा. पुलावर गाडी रिव्हर्स घेणारे महाभाग अधूनमधून दिसतात, त्यांना कुठलंच ॲप वाचवू शकत नाही.

इंदिरानगरचा बोगदा, राणेनगरचा बोगदा इथेही वर-खालीचा घोळ होतो, शिवाय वाहतूक पोलिसांनी एखाद्या बाजूने प्रवेश बंद केला तर ते नकाशात यायला वेळ लागतो. टेम्पो किंवा मोठी गाडी असेल तर आणखी सांभाळा. गूगल मॅप्सला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते, सांगायची सोयही नाही. ओएसएमअँड या ॲपमध्ये ट्रकची उंची आणि वजन टाकता येतं. पण तेही नकाशात त्या बोगद्याची उंची कोणी भरली असेल तरच उपयोगाचं, म्हणून बोगद्याच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचायचीच.

समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत उपग्रह दिसत नाहीत, टिपका थांबतो किंवा अंदाजाने पुढे सरकतो. घाबरायचं कारण नाही, आत कुठे वळायचंच नसतं. फक्त बोगद्यात असताना नवीन ठिकाण टाकू नका.

टिपका बरोबर, पण रस्ता विचित्र

ॲपला शिव्या इथेच सगळ्यात जास्त बसतात आणि निम्म्या वेळा कारण आपल्याच सेटिंगमध्ये असतं. कधीतरी टोल चुकवायला म्हणून 'टोल टाळा' चालू केलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मग नाशिकरोडहून सिन्नरला निघालं की शिंदेचा टोलनाका चुकवायला ॲप आडवाटेने गावागावांतून फिरवतं. मुंबईला जाताना घोटीच्या टोलसाठी तेच, धुळ्याकडे पिंपळगावच्या टोलसाठी तेच. मार्ग विचित्र वाटला की सगळ्यात आधी मार्गाचे पर्याय उघडून टोल, महामार्ग, फेरीबोट यांपुढच्या खुणा बघा. कमी इंधन लागणारा मार्ग निवडायचा पर्यायही तिथेच असतो. तो चालू असेल तर ॲप कधीकधी थोडा उशीर होणारा रस्ता पुढे करतं.

दुसरं कारण वाहनाचा प्रकार. गूगल मॅप्समध्ये भारतात डिसेंबर २०१७ पासून दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. दुचाकीवर असताना तो, चारचाकीत असताना गाडीचा, हे दर वेळी बघायला हवं, कारण ॲप मागची निवड लक्षात ठेवतं. चारचाकीत बसून दुचाकीचा मार्ग लावला की रविवार कारंजाच्या मागच्या बोळात आरसे मिटून अडकलात म्हणून समजा. उलटं केलं तर त्याहून वाईट: समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, आणि गाडीचा मार्ग लावलेला दुचाकीस्वार थेट तिथल्या प्रवेशद्वारापर्यंत पोचतो.

तिसरं, नकाशा जुना असणं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्याआधी उतरवलेला ऑफलाइन नकाशा अजून तसाच फोनमध्ये असेल तर टिपका डोंगरातून आणि शेतातून धावताना दिसेल आणि ॲप दर मिनिटाला "मार्ग पुन्हा शोधत आहे" म्हणत राहील. नकाशा अपडेट करा, त्रास संपला. गूगलच्या ऑफलाइन नकाशांना मुदतही असते, ती संपली की ते वापरता येत नाहीत. वायफायवर आपोआप अपडेट होण्याचा पर्याय चालू ठेवा.

सिंहस्थाच्या निमित्ताने हे प्रकरण वाढणार आहे. २०२७ च्या पर्वण्यांसाठी शहरात रस्त्यांची कामं, वळवलेली वाहतूक, तात्पुरते एकेरी मार्ग आणि बॅरिकेड असणार, आणि नकाशे नेहमी वस्तुस्थितीच्या मागे राहणार. एक गंमत लक्षात ठेवा: ॲपला गर्दी कळते ती रस्त्यावरच्या इतर फोनच्या हालचालीवरून. रस्ता खणून ठेवलाय पण बंद असल्याचं कोणी कळवलेलं नाही, तर तिथे गाड्याच नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणजे गर्दी दिसण्याचं कारण नाही. त्यामुळे आजूबाजूचे सगळे रस्ते लाल आणि मधला एकच छान मोकळा दिसला तर आनंदाने आत शिरू नका, आधी संशय घ्या. पर्वणीच्या दिवशी पंचवटीत येणाऱ्या पाहुण्यांना तर सरळ सांगावं की पोलिसांनी ठरवलेल्या पार्किंगचं ठिकाण मॅपवर लावा, रामकुंडाचं नको. पुढे पायीच जायचं आहे.

बरोबर पोचलात, पण भलत्या गावाला

सप्तशृंगीला जाणारे 'वणी' असं टाकतात. महाराष्ट्रात एक वणी आपल्या दिंडोरी तालुक्यात आणि दुसरी पार यवतमाळ जिल्ह्यात. आठ-दहा तासांचा मार्ग दिसला की बहुतेकांना चूक कळते, पण बाहेरच्या राज्यातून आलेल्या चालकाला कळेलच असं नाही. शिवाय आपली वणी बरोबर लागली तरी गड वणी गावात नाही. गाडी नांदुरीहून घाट चढून वर जाते. म्हणून 'सप्तशृंगी गड' असं टाका आणि शेवटचं वळण नांदुरीचं आहे ना, ते बघा.

हा एकच नमुना नाही. अंबड म्हटलं की आपल्याला एमआयडीसी आठवते, पण जालना जिल्ह्यात अंबड नावाचा तालुका आहे, मालाच्या गाड्यांचे चालक यात फसतात. ओझरला विमानतळावर जायचं असतं आणि पुण्याकडून येणाऱ्याच्या मॅपवर अष्टविनायकातलं जुन्नर तालुक्यातलं ओझर लागतं. देवळाली गाव, देवळाली कॅम्प, अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातली देवळाली प्रवरा, आणि कळवणच्या बाजूचा देवळा, हे सगळे शोधपट्टीत एकाखाली एक येतात. उपाय एकच, नावापुढे तालुका किंवा ओळखीची खूण लिहा, आणि 'सुरू करा' दाबण्याआधी किती किलोमीटर आणि किती वेळ हे आकडे वाचा. हे दोन आकडे वाचायची सवय लागली तर या प्रकारातल्या जवळजवळ सगळ्या चुका घरातच पकडल्या जातात.

मोठ्या जागांची पिनही फसवी असते. 'गंगापूर धरण' लावलं की पिन पाण्यात किंवा भिंतीवर पडू शकते, आणि तुम्हाला जायचं असतं बोट क्लबला. किल्ल्यांचं तर विचारूच नका. हरिहरची पिन माथ्यावर असते. ॲप त्या पिनच्या जवळात जवळ येणारा रस्ता शोधतं, तो खरा पायथा असेलच असं नाही. हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा, जिथून चढायचं ठरलंय त्या गावाचं नाव टाका.

सिडकोतल्या पत्त्यांची आणखी एक तऱ्हा. सेक्टरचं अक्षर, आकडा, मग पुन्हा अक्षर आणि आकडा, असे पत्ते शोधपट्टीला पचत नाहीत. तिथे चौकाचं नाव चालतं: त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर. पुढचं फोनवर. त्यापेक्षा बरं म्हणजे समोरच्याने लोकेशन पाठवणं, पण तेही नीट पाठवलं तर. व्हॉट्सॲपवर 'सध्याचं लोकेशन' पाठवताना खाली किती मीटरपर्यंत अचूक आहे ते लिहिलेलं येतं. घरात सोफ्यावर बसून पाठवलं तर तो आकडा मोठा असतो आणि पिन मागच्या गल्लीत पडते. गॅलरीत किंवा गेटवर या, आकडा कमी होऊ द्या, मग पाठवा. सोसायटीचं गेट मागच्या रस्त्याला असेल तर पिन इमारतीच्या छतावर न टाकता गेटवर टाका, पार्सलवाला दुवा देईल. वरचेवर कोणी ना कोणी येणार असेल तर पत्त्याऐवजी देता येणारा छोटा कोड, म्हणजे गूगलचा प्लस कोड, मॅपल्स पिन किंवा टपाल खात्याचा २०२५ मधला दहा अक्षरांचा डिजीपिन घेऊन ठेवता येतो. डिजीपिनमध्ये साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन धरलेला आहे, म्हणजे दारापर्यंतच.

मग ॲप कुठलं?

शहरात फिरणाऱ्याला गूगल मॅप्स पुरतं. दुकानं, दवाखाने, वेळा, गर्दी, दुचाकीचा पर्याय यात त्याच्या जवळपास कोणी नाही. मॅपल्स हे मॅपमायइंडिया या १९९५ पासून नकाशे करणाऱ्या भारतीय कंपनीचं आहे. महामार्गावर चौकांची चित्रं आणि गतिरोधकांच्या सूचना हव्या असतील तर ते वापरून बघण्यासारखं आहे. वेझ २०१३ पासून गूगलकडेच आहे. ते वापरणाऱ्यांनी दिलेल्या खबरांवर चालतं, त्यामुळे जिथे वापरणारे कमी तिथे ते गप्प बसतं.

पेठ, हरसूल, सुरगाणा या बाजूला जायचं असेल, किंवा डोंगरात भटकायचं असेल, तर पूर्ण ऑफलाइन चालणारं एक ॲप हवंच. रेंज गेली की जीपीएस जातं हा गैरसमज आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाचं चित्र उतरवायला लागतं. गूगलचा ऑफलाइन नकाशा गाडीच्या मार्गासाठी ठीक आहे, पण त्यात पायी जायचे मार्ग मिळत नाहीत. त्यासाठी ऑर्गेनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड. ऑर्गेनिक मॅप्स २०२१ पासूनचं, हलकं, जाहिरातीविना, पायवाटा आणि उंचीच्या रेषा दाखवणारं. ओएसएमअँडमध्ये सोयी खूप, पण पहिल्यांदा उघडणारा माणूस त्या सोयींतच हरवतो. दोन्ही ॲप २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला नकाशा वापरतात, आणि इथेच लोक गोंधळतात: एकात रस्ता चुकीचा दिसला म्हणून दुसरं उघडतात, त्यातही तसाच दिसतो, मग खात्री पटते की रस्ता असाच आहे. ती एकाच नकाशाची दोन रूपं होती. ताळा करायचा तर वेगळ्या नकाशाचं ॲप हवं.

म्हणून फोनमध्ये दोनच ठेवा: एक ऑनलाइन, एक ऑफलाइन, दोघांचा नकाशा वेगळा. पाच ठेवलीत तर पाचही मागे लोकेशन मागत बसतात, बॅटरी उतरते, आणि ऐन फाट्यावर कोणाचं ऐकायचं ते कळत नाही.

रेंज नसलेल्या भागात जाताना मॅप घरूनच सुरू करून निघा. इंटरनेट असेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला लगेच मिळते. नसेल तर ती खुद्द उपग्रहांकडून सावकाश घ्यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती यायला अर्धा मिनिट, सगळ्यांचं वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. त्यामुळे निरगुडपाड्याला उतरून बंद फोन चालू केलात आणि टिपका आला नाही तर ॲपवर राग काढू नका. मोकळ्या जागी फोन धरून उभे राहा, येईल.

राहिली गोष्ट खरोखर चुकलेल्या नकाशाची. तुमच्या कॉलनीतला बंद रस्ता चालू दिसतो, दुहेरी रस्ता एकेरी दाखवलाय, नवा पूल नाहीच. गूगल मॅप्समध्ये तो रस्ता निवडून चूक कळवता येते, मॅपल्सवरही तशी सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅप तर तुम्ही स्वतःच दुरुस्त करू शकता, खातं उघडलं की झालं. कळवताना फोटो जोडा, शक्य असेल तर पाटीचा. दुरुस्ती लगेच दिसत नाही, ऑफलाइन ॲपमध्ये तर ती नकाशाच्या पुढच्या अपडेटनंतरच येते. तोवर रोजच्या मार्गावरच्या त्या चुकीच्या वळणाआधी एक थांबा टाकून मार्ग हवा तसा वळवून घ्या.